हत्ती पाहायला उशी कशाला?

मी स्टेशन मास्तर आहे. जयपूरच्या अलीकडे एक लहानसं स्टेशन आहे. तिथं थांबणाऱ्या गाड्या कमी आणि न थांबता धूळ उडवून जाणाऱ्या जास्त, पण त्यातली एकही माझ्या सिग्नलशिवाय पुढे सरकत नाही. सव्वीस वर्षं झाली नोकरीला. मूळचा अकोल्याकडचा. बदल्यांमागे फिरत फिरत इथं आलो आणि आता जयपूरच्या झोटवाड्यात भाड्याच्या घरात राहतो. घरी वऱ्हाडी बोलतो, ड्युटीवर हिंदी, आणि रागावलो की दोन्ही. मला राग फार लवकर येतो, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला धक्का नको.

आमच्या स्टेशनापासून अर्ध्या किलोमीटरवर फाटक आहे. तिथला गेटमन सुखदेव. गाडी सोडायची म्हणजे आधी मी त्याला फोन करतो. तो फाटक बंद करतो, कुलूप लावतो आणि मग आपल्याजवळच्या कागदावरचा एक दोन आकडी नंबर मला सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. एकदा वापरला की तो खोडायचा. मी तो वेळेसकट वहीत लिहितो आणि मगच सिग्नल देतो. सुखदेवनं नंबर दिला नाही तर गाडीत मंत्री बसलेला असो की मंत्र्याचा सासरा, गाडी जागची हलत नाही.

दोन वर्षांमागं एका उंटगाडीचं चाक फाटकात अडकलं. त्यात उंट रागावून खाली बसला. सुखदेवनं नंबर दिला नाही. सुपरफास्ट बावीस मिनिटं उभी राहिली. कंट्रोल रूममधले साहेब फोनवर माझा उद्धार करत होते आणि मी आपला एकच जप लावला होता, "गेटमन का नंबर नहीं मिला, साहब." हा किस्सा मी घरी इतक्या वेळा सांगितलाय, की उंट बसतो तिथं माझी पोरगी माझ्याआधी उंटाचा आवाज काढते.

ही पोरगी म्हणजे मोनाली. वय वर्षं बारा. जन्म कोट्याचा, शाळा जयपूरची, त्यामुळं तिचं मराठी दर दोन पावलांवर हिंदीचा हात धरतं. तिचे टॉन्सिल वाईट सुजायचे. वर्षभरात आठ वेळा ताप आला. झोपेत घोरायची आणि घोरता घोरता मध्येच तिचा श्वास थांबायचा. दोन सेकंद, तीन, चार. मग एकदम मोठा श्वास घ्यायची. ती तर झोपेतच असायची, जीव जायचा माझा.

डॉक्टर प्रतिमा नाक-कान-घशाच्या. त्यांनी तपासून सांगितलं की टॉन्सिल काढलेले बरे. फॉर्म पुढं केला. पालकाची सही. मी सही केली. सही करायला मला तसंही आवडतं. "बच्ची को समझा दीजिएगा," त्या म्हणाल्या. मी "जी" म्हणालो.

घरी आल्यावर रत्नमालानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, विषय काढला.

"तिले सांगायचं कसं?"

"कायले सांगायचं? सुई पाह्यली तरी गल्लीभर बोंबलते. ऑपरेशन म्हटलं तर पार मुरलीपुऱ्यापावतर पयून जाईन."

"मंग नेता कशी?"

"आमेरच्या किल्ल्यावर हत्ती पाहायले चाललो म्हणायचं."

"बारा वर्साची हाय ते. हत्तीसाठी नाचत येईन का?"

"बापानं सांगतलं म्हणजे येईन," मी म्हणालो आणि विषय संपवला. विषय संपवायलाही मला आवडतं.

तीन एप्रिलला पहाटे आम्ही तिला उठवलं. ऑपरेशनआधी पोटात काही जायला नको होतं, पाणीसुद्धा नाही.

"आई, नाश्ता?"

"तिथी खाऊ."

"पाणी?"

"थेही तिथीच."

मोनालीनं आईकडं पाहिलं, मग दारात ठेवलेल्या पिशवीकडं. पिशवीत थर्मास होता, टॉवेल होता, दोन गाऊन होते आणि वरून उशी डोकावत होती.

"बाबा, हत्ती पाहायला उशी कशाला?"

"तुह्या मायची मान दुखते."

रत्नमालानं लगेच मानेला हात लावला. बाई इतकी प्रामाणिक की नंतर दवाखाना येईपर्यंत तिनं मान सरळ केली नाही.

ऑटोत बसल्यावर मोनाली रस्ता पाहत होती. थोड्या वेळानं ती ऑटोवाल्याला म्हणाली, "भैया, आमेर तो उधर है ना?"

"मुझे तो अस्पताल बोला है, गुड़िया," तो म्हणाला.

मी त्याच्या पाठीकडं असं पाहिलं की दुसरा असता तर खाली उतरला असता. "जाता जाता एक काम हाय," मी म्हणालो. मोनाली पुढं एक शब्द बोलली नाही. ती गप्प बसली की मला बरं वाटत नाही, पण त्या दिवशी मी त्याचा अर्थ सोयीचा लावला.

दवाखान्यात नर्सनं तिच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली आणि हिरवा गाऊन दिला. तेवढ्यात डॉक्टर प्रतिमा आल्या. माझ्याशी बोलतील असं मला वाटलं. त्या सरळ मोनालीच्या खाटेवर बसल्या.

"बेटा, पता है आज क्या होने वाला है?"

"जी," मोनाली माझ्याकडं बघत म्हणाली. "हाथी देखने जा रहे हैं."

डॉक्टरांनी हळूच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं. रत्नमालानं पुन्हा मानेला हात लावला.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की कायद्यानं माझी सही पुरे आहे. पण जी मुलगी हत्ती पाहायला निघालीय, तिला त्या अशा फसवणुकीनं ऑपरेशनच्या टेबलावर नेणार नाहीत. आधी तिला खरं सांगा, तिचं ऐका, मग बघू.

झालं. माझा पारा चढला. "मी बाप आहे! मुश्किलीनं सुट्टी मिळालीय! बारा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?" असं बरंच काही मी दोन्ही भाषांत ऐकवलं. बोलून दम लागला म्हणून थांबलो, तर खाट रिकामी. मोनाली खोलीच्या बाथरूममध्ये शिरली होती आणि तिनं आतून कडी लावली होती.

"मोनाली, दार उघड!"

"नाही उघडणार."

"मी तीनपर्यंत मोजतो. एक! दोन!" दोनवर बराच वेळ थांबलो. तीननंतर काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं.

"उघड वं माय," रत्नमालानं लाडीगोडी लावून पाहिली. "ऑपरेशन झालं की मस्त आइस्क्रीम खायले भेटते."

"मघाशी हत्ती होता, आता आइस्क्रीम," आतून आवाज आला. "मतलब तुम्ही मला छोटी बच्ची समजता."

दाराबाहेर आता नर्स, वॉर्डबॉय आणि शेजारच्या खोलीतले एक आजोबा सलाइनच्या स्टँडसकट येऊन उभे होते. मी दारावर थाप मारली. आणि तेव्हा मोनाली अगदी हळू आवाजात बोलली.

"बाबा, त्या दिवशी सुखदेव काकांनी नंबर नाही दिला, तेव्हा तुम्ही काय केलं?"

मी दारावरचा हात खाली घेतला.

"सांगा ना."

"थांबलो."

"किती?"

"बावीस मिनिटं."

"कंट्रोलवाले ओरडत होते तरी?"

"हो."

"तुम्ही सुखदेव काकांना खोटं बोलून गेट बंद करायला लावलं होतं का?"

"नाई."

"मग मी सुखदेव काकांपेक्षा कमी आहे का?"

सव्वीस वर्षांत चौकशी समितीपुढं दोनदा उभा राहिलो, पण असा नेमका प्रश्न तिथंही कुणी विचारला नव्हता. मी तिथंच फरशीवर, बाथरूमच्या दाराला पाठ टेकून बसलो. लाज वाटली. बघ्यांची नाही, पोरीची.

मग मी सुखदेवला त्या दिवशी जे विचारलं होतं तेच तिला विचारलं. "बरं. गेटवर काय अडकलं हाय?"

आत नळ सुरू झाला, बंद झाला. मग म्हणाली, "चौदा एप्रिल."

"म्हणजे?"

"जयंतीला कॉलनीत माझं भाषण आहे. पाच मिनिटांचं. मराठीत. कार्यक्रम बसवणाऱ्या अबोली ताईनं यादीत माझं नाव लिहिलंय. मी फेब्रुवारीपासून पाठ करतेय, छतावर जाऊन. कॉलनीतल्या सगळ्या मराठी काकू माझ्या मराठीवर हसतात ना. आता गळा कापला तर आवाज जाईल, आणि मग कधीच नाही येणार."

रत्नमाला माझ्याकडं बघायला लागली. आम्हाला दोघांनाही यातलं काही माहीत नव्हतं. पोरगी छतावर वाळलेले कपडे आणायला जाते आणि तासभर का लावते म्हणून मी तिला दोनदा रागावलो होतो.

डॉक्टर प्रतिमा माझ्या शेजारी फरशीवर बसल्या आणि दाराशी तोंड नेऊन बोलू लागल्या. गळा कापत नाहीत. तोंडातूनच टॉन्सिल काढतात. सुई टोचेल, नंतर दहा-पंधरा दिवस घसा चांगलाच दुखेल, आवाज बसल्यासारखा वाटेल, मग हळूहळू येईल. चौदा तारखेपर्यंत नीट येईल असं त्या सांगू शकत नाहीत. पण ऑपरेशन महिनाअखेरीला केलं तरी चालेल, ताप आला तर मात्र लगेच दाखवायला यायचं.

"चालेल?" मी डॉक्टरांकडं वळून ओरडलो. "मंग हे आधी काहून नाई सांगतलं?"

"आपने पूछा ही नहीं," डॉक्टर म्हणाल्या.

खरं होतं. मी दाराला डोकं टेकलं. "मोनाली, तू झोपते तवा तुहा श्वास थांबते. मी मोजत बसतो. मले भेव लागते बेटा. म्हणून सही केली. म्हणून खोटं बोल्लो."

"तुम्हाला भीती वाटते?" तिला हे फारच नवीन होतं.

"लय."

कडी निघाली. मोनाली बाहेर आली, तोंड धुतलेलं, गाऊन उलटा घातलेला. "मला पण," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली, बारा वर्षांची घोडी. सलाइनवाल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नर्सनं त्यांना खोलीत नेलं.

आम्ही उशी, थर्मास आणि पोरगी घेऊन परत आलो. वाटेत कांदा कचोरी खाल्ली. रत्नमालाची मान बरी झाली.

चौदा तारखेला मोनाली पांढरी साडी नेसून स्टेजवर उभी राहिली. दोन ठिकाणी अडखळली, एका ठिकाणी "मतलब" म्हणाली आणि स्वतःच हसली. काकू हसल्या नाहीत. भाषण संपायच्या आधीच मी टाळ्या वाजवल्या, त्याबद्दल घरी बोलणी खाल्ली.

ऑपरेशनची नवी तारीख तिनं स्वतः कॅलेंडरवर लिहिली, अठ्ठावीस एप्रिल. त्या दिवशी तिच्याबरोबर मीही उपाशी राहिलो. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. मी खिशातून डायरी काढली आणि ड्युटीवर विचारतो तसं विचारलं.

"गाडी तयार हाय. गेट बंद का?"

उशीखालून तिनं घडी केलेला कागद काढला. स्वतः आखून त्यावर नंबर लिहिले होते, आडवेतिडवे. दुसऱ्या हातानं आडोसा करून तिनं पाहिलं. मी वाट पाहिली. डॉक्टरही थांबल्या. घाई कुणी केली नाही. तिनं नाही म्हटलं असतं तर मी तिला घरी नेलं असतं का, हे मी स्वतःला अजून विचारतो. नेलं असतं असं वाटतं.

"गेट बंद. नंबर त्र्याहत्तर, सात तीन," ती म्हणाली. त्र्याहत्तर मराठीतून, एका दमात. मी लिहिलं, सात वाजून बेचाळीस मिनिटं. ती आत गेली आणि मी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या रडलो.

दुपारी ती शुद्धीवर आली. सगळं नीट झालं होतं. बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं खुणेनं पेन मागितला आणि आपल्या कागदामागं लिहिलं, "हत्ती?"

"येत्या रविवारी," मी म्हणालो. "घसा बरा नसला तर त्याच्या पुढच्या. पक्कं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं उशीखालून आणखी एक कागद काढला. त्याच्यावरही नंबर आखलेले होते आणि वर लिहिलं होतं, "बाबा". तिनं तो माझ्या हातात दिला, पेन उघडला आणि थांबली.

सुखदेव गेटवरून नंबर देतो आणि मी त्याच्या भरवशावर हजार माणसं पुढं सोडतो. आता माझ्या शब्दाला माझी पोरगी नंबर मागत होती, आणि तो तिचा हक्कच होता. मी कागदावर हाताचा आडोसा केला.

"अडतीस," मी म्हणालो. "तीन आठ."

तिनं 'हत्ती?'च्या खाली नंबर लिहिला. मग माझा हात ओढून घड्याळात पाहिलं आणि वेळही लिहिली.