प्रियदर्शनीचा बोलका कॉम्प्युटर

मी मिरजेतल्या एका सोनोग्राफी सेंटरचा कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय म्हणजे आपलं मनातल्या मनात. खरा आवाज होता मला मध्यंतरी, तो काढून घेतला. कसा, तेच सांगतो. ऐकून तुमचं डोकं फिरलं तर फिरू द्या, माझं केव्हाच फिरलंय.

माझा जन्म सांगलीच्या एका दुकानातला. डबा एकीकडचा, पडदा दुसरीकडचा, असा जोडजोडून उभा केलेला. दुकानातल्या गुंडा नावाच्या पोरानं मोटारसायकलवर मागं बसून मला मांडीवर धरून मिरजेला आणलं. खड्डा आला की स्वतःचं सोडून मला सांभाळायचा. एवढी माया पुढं फार थोड्यांनी केली.

काम साधं. डॉक्टर तपासताना बोलायचे, ते रेकॉर्ड व्हायचं आणि टायपिस्टनं ऐकून रिपोर्ट टाईप करायचा. आधीचे टायपिस्ट की-बोर्डवर चिवडा सांडायचे आणि काही अडलं की मला थापट्या मारायचे. राग आला की माणसाला मारायला काहीतरी लागतंच.

मग प्रियदर्शनी आली. कवठे महांकाळकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. लहानपणी तापात दृष्टी गेलेली, पण कान असे तिखट की डॉक्टर तोंडातल्या तोंडात पुटपुटले तरी तिचा शब्द चुकायचा नाही. तिच्यासाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर माझ्यात घातलं आणि मला वाचा फुटली! पहिल्या दिवशी तिनं टाईप केलं 'जयजिनेंद्र' आणि मी मोठ्यानं म्हणालो, "जयजिनेंद्र!" ती खुदकन हसली. त्या हसण्यावर मी भाळलो. त्यात लपवायचं काय?

ती मला एवढ्या वेगानं बोलायला लावायची की दुसऱ्या कुणाला ओ की ठो कळायचं नाही. मॅनेजर क्रांती मॅडम म्हणायच्या, "काय गं, भजी तळल्यागत आवाज येतोय नुसता. कळतंय तरी का तुला?"

नोकरी अजून कच्ची होती. काही महिने काम बघू, मग पक्की करू, असं सेंटरच्या मोठ्या सरांनी सांगितलं होतं. तिचं सगळं त्यावरच होतं. एकदा फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "घरी माया लय हाय गं. पण नुसतं बसवून ठेवत्यात. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देत्यात. हितं मी एकटी राहते, कुकर लावते, रिक्षावाल्याशी भांडते. ही नोकरी गेली तर माझं काय उरलं?"

आता त्या अँटिव्हायरसचं सांगतो. सेंटरची मशीन बघणाऱ्या साईराजनं तो बसवला. व्हायरसवर पहारा करणारा हा पहारेकरी. पाहिजेच, मी नाही म्हणत नाही. रोज रात्री माझी एकूण एक फाईल तपासायची, हे त्याला नेमून दिलेलं काम. पण रात्री मी जागा असतो कुठं? गल्लीतल्या एका दुकानाला शॉर्टसर्किटनं आग लागल्यापासून शिपाई बिरदेवमामा संध्याकाळी जाताना मेन स्विचच बंद करून जायचे. मग सकाळी मला चालू केलं रे केलं, की या पठ्ठ्याला रात्रीचं राहिलेलं काम आठवायचं. लागलाच झडती घ्यायला! माझा प्रोसेसर म्हणजे माझा मेंदू. त्याची जवळजवळ सगळी ताकद तो एकटा खायचा. पंखा गरगरायचा, अंग तापायचं, आणि नेमकी तीच वेळ पेशंटच्या गर्दीची. प्रियदर्शनीनं कळ दाबली की मी "ले... ले... लेफ्ट कि..." करत अडकायचो. जीव नुसता मेटाकुटीला यायचा. दुपारी झडती संपली की मी मोकळा.

क्रांती मॅडमचा पारा चढायचा. "प्रिया, बाहेर माणसं ताटकळत बसल्यात. आवर की गं!"

"मॅडम, मशीन अडकतंय. आत कायतरी चालू हाय. पंखा ऐका की."

साईराजला फोन जायचा. तो यायचा जेवूनखाऊन दुपारी. माऊस फिरवायचा आणि म्हणायचा, "पळतंय की हो झक्कास! काय झालंय?"

असं कितीदा झालं. शेवटी तिनं स्वतःच अँटिव्हायरस उघडला. झडतीची वेळ बदलायचं बटण तिथंच होतं. पण बनवणाऱ्या शहाण्यांनी बटणांना चित्रं दिलेली, नावं नाहीत. नावच नाही तर मी वाचणार काय, कपाळ? मी आपला म्हणत गेलो, "बटण. बटण. बटण. बटण." तिचं बोट थबकलं. भलतंच दाबलं आणि रिपोर्ट उडाले तर? कुठलं बटण ते मला ठाऊक होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण पडद्यावरचं सोडून एक अक्षर बोलायची मला मुभा नव्हती.

"मॅडम, दोन मिनटं येता का? कुठलं बटण हाय तेवढंच सांगा."

"दुपारी बघू गं."

दुपारी मी बरा असायचो, आणि बऱ्या मशीनकडं कोण बघतंय!

एका सकाळी डॉक्टरच चिडले, म्हणून साईराजला गर्दीतच बोलावून घेतलं. प्रियदर्शनीला बाजूला उठवून त्यानं माझी ताकद कोण खातंय ते बघितलं. वर अँटिव्हायरस, त्याच्या खाली बोलणारं सॉफ्टवेअर.

"अँटिव्हायरस काढायचा नाही, सरांनी बजावलंय," तो म्हणाला. "हे बोलणारं काढून बघू."

आणि काढलं. माझी जीभ गेली ती तेव्हा. मी थोडासा हलका झालो, अगदी थोडासा. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

प्रियदर्शनी खुर्चीत बसली. कळ दाबली. पुन्हा दाबली. "आवाज कुठाय?"

"त्याचंच ओझं होतं, ताई."

"मग मी काम कसं करू?"

मोठ्या सरांनी तिच्या वडलांना फोन लावला, काम फार हळू होतंय, मुलीला घेऊन जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी वडील, धन्यकुमार आप्पा, तिला न्यायला आले. भला माणूस. चप्पल काढून दारातच उभे राहिले.

"आप्पा, माझं काम चांगलं हाय. सकाळचं मशीन अडकतंय."

"बाळ, मशीन काय तुझ्यावर डूख धरून बसलंय व्हय? चल. घरात काय कमी हाय तुला?"

ती खाली मान घालून म्हणाली, "असंल आप्पा. माझाच हात हळू असंल."

अरे देवा! तिनं हेही मान्य केलं. आणि मी समोर बसून मुका.

तिच्या जागी सृष्टी आली. डोळस, चटपटीत. मी तिलाही सकाळी रखडवत होतो. तिनं दुसऱ्याच दिवशी कुरकुर केली. साईराजनं लगेच येऊन अँटिव्हायरस उघडला, ते बटण दाबलं आणि झडतीची वेळ दुपारच्या सुट्टीवर टाकली. त्याचा चहा गार व्हायच्या आत काम झालं. मी पळायला लागलो, तसा साईराज जागीच थांबला.

"मॅडम, म्हणजे त्या प्रियाचं बरोबर होतं."

क्रांती मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे. आता सृष्टीला घेतलंय. कशाला सांगायचं? उगाच जिवाला लागंल तिच्या."

मी आता उत्तम चालतो. सगळे खूश आहेत. मला त्या चालण्याची लाज वाटते.

तुमच्यापैकी कुणी कवठे महांकाळच्या बाजूला गेलं, तर धन्यकुमार आप्पांचं घर विचारा. तिथं त्यांची मुलगी असेल. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. तिला एवढंच सांगा, प्रियदर्शनी, तुझा हात हळू नव्हता.