नळीतलं औषध

अमरावतीची माधवी अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत चार वर्षं एकाच एन्झाइमच्या मागे लागली होती. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू डुकराच्या पेशीत शिरला की याच एन्झाइमच्या जोरावर वाढतो. ते बंद पाडलं तर रोग थांबेल, अशी तिची आशा. विषाणू तिच्याकडे नव्हता. नुसतं एन्झाइम ती निरुपद्रवी जिवाणूंकडून बनवून घ्यायची. औषधाने डुकराच्या पेशी मरतात का, हे बघायला मात्र रक्त लागे. ते मूर्तिजापूरजवळ डुकरं पाळणाऱ्या सूर्यभानकडून येई.

जानेवारीत एका रसायनाने एन्झाइम पार बंद पाडलं. तिने हरखून सूर्यभानला फोन केला.

"म्हंजे औषद सापडलं?"

"काचेच्या नळीत सापडलं, भाऊ."

त्याने 'सापडलं' एवढंच ऐकलं.

पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. "मॅडम, चार डुकरं खाऊन नाही राह्यली. कान निळे पडले. ते औषद घेऊन या ना."

"ते जनावराला नाही देता येत, भाऊ. अजून कितीतरी वर्षं लागतील."

"काहून? त्यायच्याच रक्तावर तं केलं ना?"

"आजच जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवा," ती कशीबशी म्हणाली.

"कळवलं तं साऱ्यायले मारतीन."

"हो."

त्याने कळवलं. तपासणीत तोच रोग निघाला. डुकरं मारायला सरकारी पथक आलं त्या दिवशी माधवीही गेली, पण तिला बंदोबस्ताच्या दोरीबाहेरच थांबवलं. अनोळखी माणसांना बघून डुकरं कोपऱ्यात दाटली, बाहेर येईनात. शेवटी पथकाने सूर्यभानलाच हाका मारायला लावल्या. त्याच्या आवाजासरशी ती एकेक करून आली. घरात त्याची बायको सुभद्रा कानांवर हात दाबून बसली होती.

सगळं आटोपल्यावर तो माधवीजवळ आला. "तुमाले दोष नाही, मॅडम. हाका मीच मारल्या."

मार्चमध्ये कळलं, ते रसायन पेशीच्या आत शिरतच नाही. माधवीने वही मिटली. मग पुढच्या रसायनाची तयारी तिने सुरू केली.

सूर्यभान दालमिलवर कामाला लागला होता. माधवीने त्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सुभद्राने उचलला. "ते कामावर गेले," ती म्हणाली. दुसऱ्यांदा मागून त्याचा खोकला ऐकू आला. माधवीने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.