तळाचे खडे

अलास्काची तिकिटं नोकरी असताना काढली होती आणि कॅन्सल होत नव्हती, म्हणून बुद्धभूषण नागपूरहून त्याच्याकडे आलेल्या आईला, रत्नाबाईंना, घेऊन आला. नोकरी तर गेलीच होती. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावच्या कंपनीने एका फोनवर नारळ दिला, आणि दुसरी मिळाली नाही तर व्हिसाच्या नियमाने गाशा गुंडाळून नागपूर गाठायचं होतं. हे आईला सांगायचं होतं. विमानात सांगू, हॉटेलात सांगू, असं करत हा गडी फेअरबँक्सच्याही पुढे, फोनला रेंज नाही अशा ओढ्यापर्यंत पोचला, पण तोंड काही उघडलं नाही. लपवून लपवून पार थकला होता बिचारा.

सव्वाशे वर्षांपूर्वी इथे सोन्यापायी माणसं वेडी होऊन आली होती. आता गाइडबाई पर्यटकांच्या हाती थाळी देते आणि ओढ्यातली रेती धुवायला लावते. रत्नाबाईंनी पदर खोचून थाळी घेतली. जन्मभर तांदूळ रोळलेले हात ते! पाणी गोल फिरवून वरची रेती त्यांनी अलगद बादलीत ओतली आणि तळाशी राहिलेलं खुशाल ओढ्यात भिरकावलं.

गाइडबाईने कपाळाला हात लावला.

"आई, सोनं तळाला असतं. जड असतं ना ते," बुद्धभूषण म्हणाला.

"अगं बाई, मी तांदळातले खडे म्हणून फेकले की रे." रत्नाबाई हसत सुटल्या.

त्यालाही हसू यायला हवं होतं. आलं रडू.

"आई, कंपनीने काढलं मला. परत यावं लागेल बहुतेक."

तो खाली बघत राहिला. बाप गेल्यावर या बाईने एकटीने शिकवलं, मुलगा अमेरिकेत म्हणून साऱ्या गल्लीला सांगितलं. आता ती खचणार, अशी त्याची खात्रीच होती.

"कायमचा?" रत्नाबाईंनी विचारलं.

"हो."

"वाईट झालं रे पोरा." तोंडाने म्हणाल्या खऱ्या, पण चेहऱ्याला कोण आवरणार? तो उजळला तो उजळलाच. पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं, तरी लपेना.

बुद्धभूषणला आधी रागच आला. इथे आपलं सगळं बुडालं आणि हिला आनंद! मग दर रविवारचा तिचा फोन आठवला. मी मजेत आहे, माझी काळजी करू नकोस.

"आई, तू मजेत नव्हतीस ना?"

रत्नाबाई थाळी पुसत राहिल्या.

"एकटीपुरतं रांधायचा कंटाळा येतो रे," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."