जोड नसलेलं चरण

कीर्तनात मागे उभं राहून ज्याने एकदा टाळ धरला, त्याला पुढच्याचा मागे आलेला हात ठाऊक असतो. गाणारा मागे वळून बघत नाही. नुसता हात मागे करतो, आणि मागची रांग चाल उचलते. त्या हातावर मी किती वेळा जीव ओवाळून टाकला असेल, महादेवालाच माहीत.

धर्मापुरीच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. तिथल्या भजनी मंडळाची याच्याही पुढची एक खोड होती. श्रावणातल्या शिवनाम सप्ताहात, दुपारच्या भजनाला, गायकाने सकाळीच सुचलेलं ताजं अर्धं चरण म्हणायचं आणि हात मागे करायचा. रांगेतल्या ज्याला सुचेल त्याने उरलेलं अर्धं तिथल्या तिथे रचून म्हणायचं. याला ते 'जोड देणं' म्हणत. जोड बसली की पुढचं चरण जोड देणाऱ्याकडेच मागायचं, अशी रीत. कधी जोड अशी बसे की म्हातारे रडत, कधी अशी फसे की सगळा मंडप हसे. महादेवाला दोन्ही चालत असावं.

दोन वर्षांपूर्वी मंडळाचे गायक केदारनाथ यांनी असंच चरण टाकलं.

पाऊल वाजेना, वाट ही सरेना…

हात मागे गेला. कुणाला काही सुचायच्या आत ते गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले. मृदंगावर बसलेल्या सुंदररावांनी धावत जाऊन डोकं मांडीवर घेतलं, तोवर सगळं संपलं होतं.

पुढच्या वर्षी सप्ताह आला तेव्हा सुंदररावांनी ठरवलं, केदारनाथांचं चरण म्हणायचं, पण त्याला जोड कुणी द्यायची नाही. हात मागे करायचा, टाळ मुठीत दाबायचे, आणि तेवढा वेळ गप्प उभं राहायचं. तो त्यांचा मान. सगळ्या गावाला हे पटलं. भक्ताच्या मानाला कोण नाही म्हणेल?

केदारनाथांची बायको शिवकांता केजला लेकाजवळ राहत होती. आठवडी बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान. तिचा हात असा चपळ की गिऱ्हाईक रंग सांगेपर्यंत ब्लाउजपीस फाडून झालेला असे. नवरा गेल्यापासून ती आणखीच घाईची झाली. दुकानात रेडिओ, घरात टीव्ही, स्वयंपाकघरात मिक्सर, आणि कानाशी फोन. सून योगिता म्हणायची, "आई, जरा बसा की." ती म्हणायची, "बसून काय करू?"

काय होतं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. भोवतालचा आवाज थांबला की डाव्या खांद्यामागून कुणीतरी म्हणे, पाऊल वाजेना, वाट ही सरेना. तोच आवाज, तंबाखू सोडल्यानंतरही घशात राहिलेली तीच खरखर. आणि पुढे काही नाही. त्या पुढच्या गप्पपणात कुणीतरी वाट बघत उभं असल्याचं तिच्या पाठीला कळायचं.

श्रावण लागायच्या आधी एका दुपारी केजला लाईट गेली. रेडिओ बंद, फोनची बॅटरी संपलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गिऱ्हाईक बाई खण बघत होती. शिवकांताने कात्री टाकली आणि तशीच अनवाणी रस्त्यावर आली. लेक संगमेश धावत मागे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की आवाज पुसट व्हायचा, पण ती स्वतःही पुसट व्हायची.

मग कावेरीआक्का आली. केदारनाथांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, माहेरच्याच वावरात घर करून राहिलेली, कुणाचं न ऐकणारी.

"पिशवी भर," ती म्हणाली.

"आक्का, सणाचे दिवस तोंडावर, दुकान कोण बघंल?"

"तुझी सून बघंल. तिला काय हात न्हाईत व्हय? का तूच केजचा बाजार डोक्यावर धरलायस?"

योगिता पदराआड हसली. संगमेशने आईची पिशवी भरली.

गावाकडे आक्काच्या घरी टीव्ही नव्हता. फोन होता, पण त्याला रेंज मिळायला बांधावरच्या निंबावर चढावं लागलं असतं. पहिले काही दिवस शिवकांता नुसती फिरत राहिली. घासलेली भांडी पुन्हा घासली. अंगण दिवसातून किती वेळा झाडलं, तिलाच ठाऊक. आक्का ओसरीवरून बघायची. "माती तरी ऱ्हाऊ दे अंगणात," म्हणायची.

सप्ताहाच्या महाप्रसादाला पळसाच्या पत्रावळ्या पुरवायचं काम आक्काचं होतं. बाकी गावांनी कधीच कागदाच्या ताटल्या घेतल्या. आक्काला ते मान्य नव्हतं. "देवाचा परसाद पानावर. ताटलीत वाढायला महादेव काय लग्नाला आलाय?"

दोघी सकाळी टेकडीवर जात. भुरभुर पाऊस, पायाखाली निसरडी काळी माती, वर सीताफळांची हिरवी कच्ची फळं, आणि पळसाची हाताहाताएवढी पानं. आक्का प्रत्येक पान आधी उलटून बघे, मग तोडे. शिवकांता सपासप ओढायची.

"हळू. फांदीला इचारून तोड."

"फांदी काय सांगणारे?"

"इचारून तर बघ."

पानं पुसायची, एकावर एक टेकवायची, निंबाच्या बारीक काडीने टाचायची. घाई केली की पान चिरतं. शिवकांताची पहिल्या दिवशीची पानं सगळी चिरली. आक्काने चिरलेली पानं शेळीपुढे टाकली. शेळी तेवढी खूश. हळूहळू शिवकांताच्या बोटांना कळायला लागलं, शीर कुठे आहे, काडी कुठे घालायची. एक पत्रावळ गोल उतरली तेव्हा ती कितीतरी वेळ हातात धरून बसली. दुकानात आयुष्यभर कापड फाडलं होतं, जोडलं काही नव्हतं.

पण पत्रावळीच्या कामाला आवाज नसतो. काडी पानात शिरते तेवढीच कुरकुर. आणि त्या शांततेत तो आला. भर दुपारी, ओसरीवर, ऊन-पाऊस दोन्ही असताना.

पाऊल वाजेना, वाट ही सरेना.

शिवकांताच्या हातातलं पान गळालं. ती उठायला लागली. आक्काने तिचं मनगट धरलं.

"आला व्हय?"

शिवकांता तिच्याकडे बघतच राहिली. "तुमाला ऐकू येतंय?"

"मला न्हाई येत. तुझ्या पाठीवर दिसतंय. बस खाली." आक्काने पान उचलून तिच्या हातात दिलं. "काय म्हणतो?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लेकाने विचारलं होतं, काय होतंय. डॉक्टरांनी विचारलं होतं, झोप लागते का. तो काय म्हणतो, हे कुणी नाही.

शिवकांताने सांगितलं. आक्का ऐकत राहिली. दोन काड्या घालून झाल्यावर म्हणाली, "मंग पुढं?"

"पुढं न्हाईच. थांबतात. जोडीसाठी."

"मंग दे की जोड."

"आक्का!" शिवकांताचा आवाज चिरला. "जोड दिली अन् ते गेले म्हंजी?"

आता आक्काचे हात थांबले.

"मला भ्या वाटतं आवाजाचं," शिवकांता म्हणाली. "पण त्याच्याहून जास्त भ्या वाटतं, उद्या येनारच न्हाई याचं. तेवढंच उरलंय माझ्याजवळ. अर्धं तर अर्धं."

शेळीने एक पान ओढलं, आक्काने तिला हाकललंसुद्धा नाही. मग ती म्हणाली, "उठ. हात मागं कर."

"कावून?"

"कर म्हणते ना. केदार करायचा तसा."

शिवकांता उभी राहिली. उजवा हात मागे केला, तळवा वर, जसं कुणी मागून काहीतरी हातावर ठेवणार आहे.

"आता ऱ्हा तशीच." आणि आक्का पुन्हा पत्रावळ टाचायला लागली.

आधी हसू आलं. मग खांदा ओढायला लागला. मग दंडात कळ, मग बोटं थरथरू लागली. आक्काने वर पाहिलं नाही. एक पत्रावळ पुरी झाली, दुसरी घेतली. शिवकांताच्या कपाळावर घाम आला. हात खाली येऊ बघत होता आणि ती येऊ देत नव्हती, का ते तिलाही कळेना.

"आक्का, बास."

"बास? आत्ताच?" आक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझा भाऊ दोन वरसं उभा हाय तसा."

शिवकांता खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

त्यानंतर तिने आवाजाला घालवलं नाही. पानं तोडताना यायचा, येऊ दिला. ओढ्यावर धुणं आपटताना यायचा, ती धुणं थांबवून ऐकायची. होल्याचं घुमणं, ओढ्याचं पाणी, वाऱ्यात पळसाची पानं एकमेकांवर घासतात तो खडखडाट, या सगळ्यांत तो मिसळायला लागला. काही शब्द तिच्या ओठांवर येत, बसत नसत. कधी चालीपेक्षा लांब, कधी आखूड, कधी नुसताच यमकाचा चावटपणा. आयुष्यात तिने आरतीतसुद्धा मोठ्याने आवाज काढला नव्हता. घरात गाणारा एक असला की दुसऱ्याने ऐकायचं, असंच तिला वाटायचं.

पत्रावळ्या देवळात पोचवायला गेल्या तेव्हा आक्काने सुंदररावांसमोर विषय काढला. सुंदरराव मृदंगाला कणीक लावत होते.

"आप्पा, औंदा केदारच्या चरणाला जोड होऊ द्या."

सुंदररावांचे हात कणकेत थांबले. "आक्का, काय बोलताय? मान हाय तो त्याचा."

"मान का कोंडवाडा?"

"असं बोलू नका देवळात." म्हातारा दुखावला होता. त्याने शिवकांताकडे पाहिलं. "वहिनी, माझ्या मांडीवर गेला तो. मी जिता असेस्तोवर त्याच्या चरणाला दुसऱ्याचं तोंड लागू देनार न्हाई. तुमी तरी समजून घ्या."

त्यांच्या आवाजातलं प्रेम शिवकांताला कळत होतं. तेच तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं भजन बसलं. मंडप गच्च. एका बाजूला बाया, दुसरीकडे बाप्ये, मधे महादेवाची पालखी. कपाळाकपाळावर विभूती, ओल्या कपड्यांचा वास, उदाचा धूर. भजन चढत गेलं. अशा वेळी माणूस शेजारच्याचं भांडणसुद्धा विसरतो. मग मृदंग उतरला. पुढच्या गायकाने डोळे मिटले.

पाऊल वाजेना, वाट ही सरेना…

हात मागे गेला. टाळ मुठीत दाबले गेले. सगळा मंडप गप्प झाला. आणि त्या गप्पपणात शिवकांताच्या डाव्या खांद्यामागे तेच चरण पुन्हा म्हटलं गेलं. आज आवाज थकलेला होता. शेवटचं अक्षर पुरतं उमटलंच नाही.

ती उठली. शेजारची बाई पदर ओढून म्हणाली, "कुठं निघालीस गं?" पायात मुंग्या होत्या. बायांमधून वाट काढत ती टाळकऱ्यांच्या रांगेमागे जाऊन उभी राहिली. तिथे या गावात बाई कधी उभी राहिली नव्हती. एक-दोन माना वळल्या. सुंदररावांनी पाहिलं, त्यांचा जबडा आवळला, एक हात वर आला.

तिने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. कुणीतरी हसू दाबलं. मग आवाज आला, पातळ, बेसूर, दुकानात भाव सांगणाऱ्या बाईचा.

"टेकव रे माथा… आलं तुझं गाव."

सुंदररावांचा वर आलेला हात तसाच राहिला. तिला वाटलं, आता ते हाकलतील. तिने पुन्हा म्हटलं. या वेळी हळू, एकेक अक्षर जागेवर ठेवत.

"टेकव रे माथा, आलं तुझं गाव."

सुंदररावांचा चेहरा आधी रागाने लाल झाला, मग लहान पोराच्या तोंडासारखा वेडावाकडा झाला. वर आलेला हात खाली आला तो मृदंगावर. एकच थाप. त्या थापेसरशी रांगेने टाळ सोडले आणि सगळ्या मंडपाने ते उचललं. टेकव रे माथा, आलं तुझं गाव. पुरुषांनी, बायांनी, आक्काने तर ओरडूनच. पुन्हा, आणि पुन्हा. दोन वर्षं दाबलेले टाळ असे वाजले की दगडी खांबही गायला लागल्यासारखे वाटले.

त्या गजरात शिवकांता खांद्यामागे कान लावून उभी होती. गर्दीत कुणी आपला माणूस आपल्याला चुकवून पुढे निघून जातो, तसं काहीतरी तिच्या डाव्या अंगाजवळून गेलं. गार वाऱ्याची एक झुळूक, तंबाखूचा पुसट वास. ते पालखीकडे गेलं. ती वळली नाही. मागे वळून बघायचं नसतं.

टाळ उतरले. शांतता झाली. तिने वाट पाहिली. खांद्यामागे कुणी नव्हतं. नुसती मोकळी, रुंद, भयाण जागा.

सुंदररावांनी डोळे पुसले. घसा खाकरला. "वहिनी," ते म्हणाले, आणि रीतीप्रमाणे, जोड देणाऱ्याला विचारतात तसं विचारलं, "पुढचं चरण?"

तिच्याजवळ पुढचं चरण नव्हतं. सांगणारं कुणीही नव्हतं. मंडपाच्या कडेवरून पावसाचं पाणी थेंबथेंब पडत होतं. कुणी खोकलं. कुणीच टाळ वाजवून तिला घाई केली नाही.

"थांबा जरा," शिवकांता म्हणाली. "येतंय."

सगळं गाव थांबलं.