फ्रीजरमधली कुपी

धुळ्याच्या कॉलेजला सुट्टी होती, म्हणून भूमिकाची कुपी कुरियरने पिंप्राळ्याला आजीकडे आली. यकृतातलं एक एन्झाइम ओळखणारी अँटिबॉडी होती ती. परदेशातून यायला अर्धं वर्ष गेलं होतं आणि नातीचं सगळं संशोधन तिच्यावाचून अडलं होतं.

"आक्का, फ्रीजमध्ये ठेव," भूमिकाने फोनवर बजावलं.

आजी, म्हणजे मंदाबाई, पूर्वी नशिराबादला अंगणवाडीताई होत्या. तिथे भर उन्हाळ्यात बर्फाच्या पेटीतून पोलिओचे डोस त्यांनी दारोदार नेले, पण एकही खराब होऊ दिला नाही. त्याच सवयीने त्यांनी कुपी फ्रीजरमध्ये बर्फात खुपसली.

सुट्टी संपल्यावर भूमिका आली आणि कुपी उजेडात धरून पाहिली.

"आक्का, ही गोठली वं! गोठली की वाया जाते."

"पोलिओचे डोस तर आम्ही बर्फातच..."

"हा पोलिओ नाही, माय."

तरी ती कुपी घेऊन धुळ्याला गेली. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"आक्का, चाचणीत एन्झाइमची रेघ उमटलीच नाही. यकृताचे शेवटचे नमुनेही त्यात संपले."

"मला शिव्या तरी दे, पोरी."

पलीकडून नुसता हुंदका आला. मंदाबाईंनी फ्रीजर उघडला. बर्फात कुपीएवढा खळगा तसाच होता.