आधी खिलत

सरदार ओटिया वेशीबाहेर गेला, घोड्यावरून उतरला, शहाने पाठवलेल्या खिलतीचं, म्हणजे मानाच्या झग्याचं, चुंबन घेतलं आणि मग मुलाला भेटला. काखेतीच्या खोऱ्यात हे असंच सांगायचं ठरलं आहे.

तसं झालं नाही.

तसं व्हावं म्हणून महिनाभर सराव चालला होता. कारभारी गिगो तबकात जुनी घोंगडी घेऊन अंगणात उभा राहायचा आणि ओटिया पाठदुखी गिळून वाकायचा. घोंगडीला मेंढीचा वास येतो म्हणून तो कुरकुरला, तर गिगो म्हणाला, "खिलतीला आपल्याच रेशीमकिड्यांचा येईल, मालक. नाक बंद ठेवा." ओटियाची बायको ख्वारमझे खिडकीत हसली. मुलगा शिओ दूर गेल्यापासून ती फारशी हसली नव्हती.

शिओला इस्फहानला पाठवलं तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. मुलगा शहापाशी, खोऱ्यातल्या रेशमाचा व्यापार बापापाशी, असा तो करार. ओटियानेच होकार दिला होता. आता फर्मान आलं होतं: खिलत रीतसर स्वीकारली, तर शिओ बापाचा नायब म्हणून इथेच राहील. रीतसर म्हणजे आधी खिलत, मग बाकी जग.

वेशीबाहेरच्या तुतीखाली शहाच्या दरबारचा अधिकारी मिर्झा फसीह उभा होता. मागे शिपाई, शेजारी तबक.

तबक शिओच्या हातात होतं.

सरावात ते गिगोच्या हातात असायचं.

ओटिया उतरला. तिथवर सगळं नीट. मग त्याला तबकावर दोन अंगठे दिसले, आतल्या बाजूला वाकलेले. ख्वारमझेसारखे.

"बाबा, आधी खिलत," शिओ पुटपुटला. ओटियाने ते ऐकलं. ऐकत ऐकतच त्याने मुलाला मिठी मारली. खिलत दोघांच्या मध्ये चुरगळली.

मिर्झा रागावला नाही. मिठी सुटेपर्यंत तो तुतीच्या पानांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मलाही मुलगे आहेत, खानसाहेब. पण शिपायांनी पाहिलंय. मी नाही सांगितलं, तर ते सांगतील."

शिओने तबक पुन्हा पुढे धरलं. ओटियाने आता चुंबन घेतलं, अगदी सरावासारखं.

शिओने आईला भेटायची परवानगी मागितली. मिळाली नाही. रेशमाचे उंट निघाले, त्यांच्याबरोबर तो परत गेला.

खिलत ठरलेले दिवस अंगावरून उतरवायची नसते. ओटिया ती घालूनच जेवायला बसला. ख्वारमझेने भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली, बाही चिमटीत धरून पाहिली. रेशीम इथलंच होतं.  

मग तिने विचारलं, "घट्ट तरी धरलंत का त्याला?"

ओटिया आठवू लागला. हाताला लागली होती ती फक्त खिलतीची जरतार.

"उंच झालाय," तो म्हणाला.