शंखाचा पाळणा

गाझियाबादच्या दसऱ्याच्या मेळ्यात सुनंदाबाई नातीचा हात धरून आकाशपाळण्यासमोर आल्या आणि थबकल्याच. पाळण्यांना नवाकोरा गुलाबी रंग फासला होता, पण रंगाखाली पत्र्याचे उठावाचे मासे स्पष्ट दिसत होते, प्रत्येक पाळण्याच्या पुढच्या अंगाला एक. आणि फक्त एकावर शंख.

"उल्का, हा आमचा पाळणा आहे," त्या म्हणाल्या. "लहरबागेतला. माझे बाबा चालवायचे."

"आजी, कुछ भी. लहरबाग तर समुद्राजवळ होती ना?"

होती तर. कोकणात, खाडीच्या तोंडाशी. स्वातंत्र्यानंतर एका हौशी शेठने वाळूवर ती बाग उभी केली. छोटी आगगाडी होती, तोंड वाकडं दाखवणारे आरसे होते आणि मधोमध हा आकाशपाळणा. वर गेलं की लांबची गलबतं दिसायची. खारा वारा दरवर्षी सगळ्याचा रंग खायचा आणि शेठ दरवर्षी नवा रंग द्यायचा. रंगापलीकडे हात सैल सोडणं त्याच्या जिवावर यायचं. पुढे गिऱ्हाईक आटलं, बाग भंगारात निघाली. लग्न होऊन दिल्लीला आलेल्या सुनंदाबाईंना वाटलं होतं, पाळणाही कधीच वितळला असेल. तो असा समोर उभा पाहून त्यांचे डोळे भरून आले.

शंखाचा पाळणा देवाचा. बाबा, म्हणजे मारुतराव, त्यात कुणाला बसू देत नसत. नारळी पौर्णिमेला ठेवलेला नारळ वर्षभर त्यात एकटाच ऐटीत फिरायचा. लहानपणी सुनंदा एकदा गुपचूप आत चढली, तर बाबांनी गालावर पाच बोटं उठवली होती. जन्मात तेवढी एकदाच. ती हौस राहिली ती राहिलीच.

"तू शंखाच्या पाळण्यात बस," त्यांनी नातीला लाडाने सांगितलं. झूलेवाल्याने पुढची दांडी अडकवली, बाकीचे पाळणे भरले आणि चाक फिरू लागलं.

पहिला फेरा त्यांनी कौतुकाने पाहिला. पुढच्या फेऱ्यात शंखाचा पाळणा खाली आला तो एका अंगाला कललेला. बाकीचे सगळे सरळ, हाच तिरका. तो ज्या खिळीवर लटकत होता तिच्यातून किरकिर येत होती.

सुनंदाबाईंनी मान वर करून ती खीळ निरखली. मारुतरावांनी उभ्या आयुष्यात देवापुढे हात जोडले नव्हते. घरच्या पूजेला नाक मुरडणारा माणूस एका पाळण्यापुरता भाविक कसा झाला, हे विचारावं असं लेकीला कधी वाटलंच नव्हतं. आता उमगलं, देव तिथे नव्हताच. गंजलेली खीळ होती, आणि शेठ ती बदलत नव्हता. नोकरीही राहावी आणि माणसंही, म्हणून बाबांनी तो पाळणा देवाच्या नावावर करून टाकला. घरातही बोलले नाहीत. पोर बाहेर बडबडली असती.

"भैया, रोको. उस झूले की कील गल गई है."

"परसों ही पेंट कराया है, माताजी," झूलेवाला हसला. "बच्ची को मज़ा लेने दो."

"समंदर की हवा का लोहा है. अंदर से खाया हुआ है."

"समंदर? गाज़ियाबाद में?"

रांगेतले दोघंतिघं हसले. चाकाने वेग घेतला. वरून उल्काने हाक मारली आणि आजीला हात करायला ती अर्धवट उठली. सुनंदाबाईंना किंचाळावंसं वाटलं, पण किंचाळल्या असत्या तर पोर उभीच राहिली असती. त्यांनी एका हाताने बस अशी खूण केली, दुसऱ्याने झूलेवाल्याचा दंड धरला.

"वो देवी का झूला है," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शंख नहीं देखा? उसमें इन्सान नहीं बैठता. मेरे पिताजी चलाते थे, मुझे मालूम है. बिठा दिया तो देवी छोड़ती नहीं."

झूलेवाल्याचं हसू मावळलं. त्याने शंखाकडे पाहिलं आणि मोटरच्या खटक्याला हात घातला.

"धीरे," सुनंदाबाई म्हणाल्या. "झटका मत देना."

चाक मंदावलं. शंखाचा पाळणा कुरकुरत वरून खाली येईपर्यंत त्यांनी झूलेवाल्याचा दंड सोडला नाही. उल्का उतरली तसं त्यांनी तिला उराशी आवळून धरलं. बाबांचा भयंकर राग आला, आणि त्याच बाबांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं.

बाकीची माणसंही एकेक करून उतरली. झूलेवाल्याने चपला काढून शंखाला नमस्कार केला, त्या पाळण्याला आडवी दोरी बांधली आणि रांगेतल्या पुढच्या लोकांना बोलावलं. एक बाई तान्हं मूल घेऊन माशाच्या पाळण्याकडे निघाली.

"इनको फिर बिठा रहे हो?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"बाकी तो देवी के नहीं हैं ना, माताजी?" तो अगदी भाबडेपणाने म्हणाला.

नात हाताशी होती. फाटकाबाहेर रिक्षा उभ्या होत्या. बाबा इथवरच आले होते. एक पाळणा देवाला देऊन बाकीचे त्यांनी नोकरीभर फिरवले. त्याच हवेतले, त्याच लोखंडाचे.

सुनंदाबाईंनी त्या बाईला बाजूला सारलं आणि उल्काला जवळ ओढून चढायच्या फळीवर बसकण मारली.

"सब देवी के हैं," त्या म्हणाल्या. "सारे के सारे."

रांग कुरकुरू लागली. त्या जागच्या हलल्या नाहीत.